आडव्या माणसाचं छत

इस्पितळाचा नकाशा उभी माणसं काढतात, तो मंजूर करणारी उभीच असतात, फीत कापायला आलेले मंत्रीही उभेच. मुक्कामाला मात्र आडवा माणूस येतो. उद्‌घाटनाच्या पाहुण्यांनी खालच्या ग्रॅनाइटचं कौतुक करावं आणि पेशंटने आठवडाभर छत बघावं, अशी ही वाटणी. छताला बरोब्बर डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट आणि तिच्या शेजारी गळतीचा पिवळट डाग. हा डाग सकाळी श्रीलंकेसारखा दिसतो, संध्याकाळी ताप चढला की सासऱ्यांसारखा. सलाइनचे थेंब मोजून झाल्यावर माणसाने करायचं तरी काय!

फिनलंडच्या आल्व्हार आल्टो या वास्तुरचनाकाराने ही अडचण ओळखली होती. पाइमिओ इथलं त्याचं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम १९३३ साली उभं राहिलं. तेव्हा क्षयावर गुणकारी औषधच नव्हतं. ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती एवढाच उपचार. म्हणजे औषधाचं काम इमारतीनेच करायचं. आल्टोने खोली पलंगावरून पाहिली. छताला भिंतींपेक्षा गडद, डोळ्यांना निववणारा रंग दिला, दिवा पडलेल्याच्या नजरेआड नेला, आणि छतातून येणारी ऊब पायांकडे वळवली. खोली दोघांची. एकाने रात्री हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून वॉशबेसिनला असा उतार दिला, की धार आवाज न करता घरंगळावी. डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये अशा दारांच्या मुठीही केल्या. आपल्याकडे मध्यरात्री स्टीलची बादली सरकवणाऱ्या मावशींना हे वाचून दाखवायला हवं. पण त्यांच्यासमोर बोलायची छाती कुणाची?

पुढे १९८४ साली रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पुरावाही मांडला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या २३ जोड्या त्यांनी जुने कागद काढून ताडून पाहिल्या. एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. भिंत बघणाऱ्यांबद्दल नर्सेसनी टिपणवहीत ‘कुरकुर करतो’ छापाचे शेरे अधिक लिहिलेले आढळले. भिंतीबद्दल कुणी शेरा लिहिला नाही, हे रीतीला धरूनच.

आपल्याकडे झाडवाली खिडकी मिळाली, तरी तिच्या कठड्यावर जेवणाचा डबा, थर्मास, मोसंब्यांची पिशवी, शहाळं आणि एक्स-रेचं भलंमोठं पाकीट उभं राहतं. वर झाडाचा जेमतेम शेंडा उरतो. तेवढ्यात भेटीची वेळ होते, आणि दूरचे एक काका स्टूल ओढून नेमके त्या शेंड्यासमोर बसतात. “आमच्या साडूलाही अगदी हेच झालं होतं,” ते सुरू करतात. साडू आता कसे आहेत, हे विचारायचं धाडस पलंगावरच्या माणसाला होत नाही.