ठेकेदारसाहेब, तुमचा इंजिनिअर सात महिने टिकला

मा. ठेकेदारसाहेब,
अंबड एमआयडीसी, नाशिक.

तुमच्या गाळ्यावर ‘मॅनपॉवर सोल्यूशन्स’ अशी नवी पाटी लागली, अभिनंदन! पूर्वी हेल्पर आणि लोडर पुरवायचात, आता बी.ई. मेकॅनिकलही पुरवता. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, पुढच्याच वर्षी नाशकात के. के. वाघ कॉलेज निघालं. पोरगं शिकलं की कंपनीत चिकटेल, असं तेव्हा निफाड-सिन्नरच्या बापांना वाटायचं. ते चिकटू नये याची काळजी घ्यायला पुढे तुम्ही आलात.

तुमचं खरं कसब कॅलेंडरात आहे. कामगार कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्षाची सलग सेवा धरतात. वकिलाला त्यासाठी पुस्तक उघडावं लागतं, तुम्हाला हा आकडा झोपेतही पाठ. म्हणून सातवा महिना सरता सरता पोराला फोन जातो, ‘ब्रेक घे, महिन्याभराने बघू.’ महिन्याभराने कंपनी दुसरी, गेटपास नवा, हुद्दा मात्र तोच: ट्रेनी. पाच वर्षं ट्रेनी असलेला मुलगा आमच्याकडे येऊन गेला. एवढं ट्रेनिंग तर वैमानिकालाही देत नाहीत.

मी क्वालिटीत आहे, त्यामुळे तुमचा माल मला वापरावा लागतो. पहिले दोन महिने पोरगं ड्रॉइंग वाचायला आणि मायक्रोमीटर हलक्या हाताने धरायला शिकतं. चौथ्या महिन्यात ऑपरेटर त्याच्याशी खरं बोलू लागतात, कुठली मशीन कधी दगा देते ते सांगतात. मग एके दिवशी पार्टच्या कडेला बर येऊ लागतो, प्रेस टूल ग्राइंडिंगला जातं, परत आल्यावर शट हाइट जमत नाही, आणि रात्रपाळीत हे सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर येतं. तिथून इंजिनिअर घडायला लागतो. नेमका तेव्हाच तुमचा फोन! जुलैत आलेल्याला हायड्रॉलिकचं तेल तापवणारा एप्रिल दिसत नाही. नोव्हेंबरात आलेल्याला पावसाळ्यात पॅक केलेल्या पार्टवर चढणारा गंज ठाऊक होत नाही. ग्राहकाची वॉरंटीची तक्रार तर वर्षा-दीड वर्षाने येते. ज्याने तो लॉट पास केला, तो तोवर सिन्नरच्या माळेगावात नव्याने ट्रेनी झालेला असतो. स्वतःची चूक त्याला कधी भेटतच नाही. आणि मग मुलाखतीत आम्हीच विचारतो, ‘अनुभव काय?’

दोष एकट्या तुमचा नाही म्हणा. आमच्या एचआरला पटावरची माणसं कमी दाखवायची असतात आणि तुमचं बिल सर्व्हिस चार्जेसमध्ये गुपचूप बसतं. २०२४ मध्ये सरकारनेही युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधराला महिना १०,००० रुपये, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. तुमच्यापेक्षा चार जास्तच. धंद्यात स्पर्धा वाढली, जपून राहा.

तुमच्या धाकट्याचा बायोडेटा मिळाला. यंदाच मेकॅनिकल झाला, मार्क चांगले आहेत. वर तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘कायम जागा असेल तर बघा.’ जागा आहे. एक तारखेपासून पाठवा, सात महिन्यांसाठी, तुमच्याच मार्फत. सर्व्हिस चार्ज नेहमीचाच लावा.

आपला,
क्वालिटीवाला