प्रायमरी की कुठाय?

बारावीला सीबीएसईचं कॉम्प्युटर सायन्स, विषय क्रमांक ०८३, घेतलेला मुलगा तुमच्याही सोसायटीत असेलच. बेंगळुरूत सर्जापूर रोडवर आमच्या वाट्याला आलेला चिरंजीव त्यातला जरा जास्तच आहे. पायथन शिकत होता तोवर बरा होता. मग कोष्टकांत माहिती ठेवणारं मायएसक्यूएल आलं आणि आमचं काही खरं राहिलं नाही. आमच्या वेळी टर्बो सीचा निळा पडदा होता. त्याने डोळे जायचे, पण शेजाऱ्यांना उपद्रव नव्हता.

गणपतीला कोण काय आणणार याची यादी मी केली होती. चिरंजीवाने ती एकदाच वरून खाली पाहिली. "काका, प्रायमरी की कुठाय?"

"नावं आहेत की."

"नाव कधीच प्रायमरी की नसते, काका. की प्रत्येकाची वेगळी लागते, युनिक."

निघाल्याच दोन सुनीता कुलकर्णी. एक एकवीस मोदक आणणार होत्या, दुसऱ्या नुसत्या आरतीला येणार होत्या.

तेव्हापासून त्याला चेव चढला. दर्शिनीत सेट डोसा मागवला की हा बिल नंबर वाचत बसतो. हा नंबर उद्या परत एकपासून सुरू होणार, मग ही प्रायमरी की कशी? तारीख जोडा, कंपोझिट की करा! मागे रांग खोळंबलेली, कॅशियर कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटतोय. रिक्षात बसून मी नुसतं "एट्थ क्रॉस" म्हटलं, तर रिक्षावाल्याआधी हाच म्हणाला, "मल्लेश्वरम की जयनगर? क्रॉस युनिक नसतो."

या सगळ्याचं मूळ एडगर कॉड. आयबीएममधल्या या माणसाने १९७० साली कोष्टकांचं हे शास्त्र मांडलं. त्याचे बारा नियम प्रसिद्ध आहेत, आणि ते तेरा आहेत. कारण कॉड शून्यापासून मोजतो. चिरंजीवही प्रसाद वाटताना शून्यापासूनच मोजतो. शून्यावा मोदक थेट त्याच्या तोंडात जातो.

मध्यंतरी सोसायटीने ज्येष्ठांचे वाढदिवस साजरे करायचं ठरवलं आणि यादी अर्थातच याच्याकडे गेली. रात्री दहाला बेल वाजली. "काका, डेटा बिघडलाय. निम्मे आजी-आजोबा एक जूनला कसे जन्मतील?"

त्याला सांगितलं, की शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराची जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसायची. गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि पुढे एक जून लिहून मोकळे व्हायचे.

"म्हणजे डीफॉल्ट व्हॅल्यू," तो म्हणाला, आणि प्रथमच गप्प बसला.

पुढचे काही दिवस हा बोर्डाचा अभ्यास सोडून घरोघरी जाऊन बसत होता. कुणी लाडू दिला, कुणी गुडघे दाखवले. एक आजोबा गांधीजी गेले त्या वर्षी पोळ्याला जन्मलेले निघाले. त्यांची तारीख याने जुनं पंचांग धुंडाळून काढली. चौथ्या मजल्यावरच्या आजींना मात्र एवढंच माहीत, की पाऊस फार होता आणि सुईण वेळेवर पोचली नाही. त्याने खूप खोदून विचारलं. मग त्यांच्या रकान्यात नल ठेवलं.

"नल म्हणजे शून्य नाही, आजी. रिकामंही नाही. तारीख आहे, आपल्याला माहीत नाही, एवढंच. कॉडचा तिसरा नियम."

आजींना कॉड कळला नसावा. पण जन्मभर एक जूनखाली सही ठोकत आलेल्या त्या बाईने याच्या पाठीवर हात फिरवला. मलाही, कबूल करतो, कार्टं त्या दिवशी आवडलं.

सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये जन्मतारखेचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सेक्रेटरींनी याच्यादेखत तिथे एक जून टाकला आणि सेव्ह केलं. चिरंजीव त्यांच्याशी बोलत नाही. आजी तर लिफ्टमध्ये सेक्रेटरी दिसले की जिन्याने जातात, चार मजले.