तीनचा ठोका आणि त्रेपन्न वर्षं

२९ ऑक्टोबर २०२४. विधानसभेसाठी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. नागपूर मध्यमधून ‘वंचित’ची उमेदवारी मिळालेले माजी मंत्री अनीस अहमद निवडणूक कार्यालयात पोहोचले, तोवर वेळ टळली होती. बंद रस्ते, सुरक्षा तपासणी, कागदपत्रं अशी कारणं त्यांनी दिली, उशिरापर्यंत ठाणही मांडलं. अर्ज काही घेतला गेला नाही.

नियम म्हणजे नियम. ‘नीट’चा पेपर दोनचा असला तरी केंद्राचं फाटक दीडला बंद होतं, त्यानंतर धापा टाकत आलेल्या पोराचं वर्ष फाटकाबाहेरच राहतं. आयकराचं विवरणपत्र मुदतीनंतर भरलं, की ५ हजार रुपयांपर्यंत भुर्दंड.

या सगळ्यांची चूक एकच. त्यांनी फार थोडा उशीर केला.

प्रवरेवरच्या निळवंडे धरणाची कल्पना १९७० सालची. तेव्हाचा अंदाज सुमारे ८ कोटी रुपयांचा. २६ ऑक्टोबर २०२३ला डाव्या कालव्याचं लोकार्पण थेट पंतप्रधानांच्या हस्ते झालं, तोवर खर्च ५,१७७ कोटींवर गेला होता. त्रेपन्न वर्षांच्या उशिराला विलंब शुल्क शून्य. उलट मांडव पडला, हार-तुरे झाले आणि श्रेय कुणाचं यावर पुढाऱ्यांची जुंपली. पाण्याची वाट बघत म्हातारे झालेले शेतकरी टाळ्या वाजवायला होतेच. जे वाट बघत गेले, त्यांची मुलं आली.

याच नदीवर, थोडं वर, इंग्रजांनी १९१०मध्ये भंडारदरा धरणाचं काम काढलं आणि १९२६मध्ये उरकलंसुद्धा. साहेबाला घाई फार!

आपल्याकडे अशी घाई होऊ नये म्हणून ‘सुप्रमा’ आहे, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. फाईल वर जाते, सिमेंट, मजुरी आणि भूसंपादनाचे दर वाढल्याची टिपणी तिला लागते आणि नवा आकडा घेऊन ती खाली येते. दर का वाढले? काम लांबलं म्हणून. काम का लांबलं? निधी पुरला नाही म्हणून. निधी का पुरला नाही? दर वाढले म्हणून. वैनगंगेवरचं गोसेखुर्द याच वाटेने १९८३मधल्या ३७२ कोटींवरून १८,४९४ कोटींपर्यंत पोहोचलं. जवळपास पन्नास पट. इतका परतावा भिशीतही मिळत नाही.

मुंबई-गोवा महामार्ग या मानाने अजून पोरसवदा. चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं. त्यानंतरचा रिवाज ठरलेला: गणपतीच्या आधी मंत्र्यांचा पाहणी दौरा, खड्डे बुजवण्याचे आदेश, ठेकेदाराला तंबी आणि काम पूर्ण होण्याची नवी तारीख. अडचण चाकरमान्याची होते. त्याच्या चतुर्थीला मुदतवाढ नाही. ती पंचांगात छापून आलेली असते. म्हणून तो रात्रीच निघतो आणि मांडीवर मोदकांचे साचे, डोक्यावर थर्माकोलबंदीतून वाचलेली कागदी आरास सांभाळत सकाळी माणगावच्या कोंडीत बसतो. पुढे एसटी, मागे एसटी. तिकडे कणकवलीजवळच्या घरी भटजी येऊन बसलेले, आजीचा फोन येतो.

“खंय पावलंस रे?”

“माणगावाक.”

“मगाशी पण माणगावच सांगितलंस मां!”