शंकेची पाल

एकतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. रुमालांत बांधलेली दप्तरं, त्यांच्यावरची धूळ आणि त्या धुळीचा अधिकृत ताबेदार मी. कुठल्याही सालचा कागद मागा, पाच मिनिटांत टेबलावर. साहेब येत-जात राहिले, पण ‘त्यांना विचारा, त्यांना सापडेल’ हे माझ्याबद्दलचं वाक्य काही बदललं नाही. निवृत्त झाल्यावर मला कोणी काही विचारेनासं झालं, तेव्हा मीच मला घराचा गूगलप्रमुख नेमलं. या नेमणुकीचा आदेश कुठेही उपलब्ध नाही, हे बायको अधूनमधून लक्षात आणून देते.

माझी शोधण्याची रीत साधी. मी गूगलला अर्ज करतो. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात पाली झाल्या, तेव्हा मी टाइप केलं, ‘आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आठ दिवसांपासून दोन पाली वावरत असून त्यांचा कायमचा बंदोबस्त होण्यासाठी काय करावे याबाबत माहिती मिळावी.’ ग्रंथालयशास्त्र शिकणारी माझी भाची दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. तिनं पाठीमागून वाचलं.

“मामा, खाली ‘आपला विश्वासू’ राहिलं.”

“मग कसं लिहू?”

“एवढं पाल्हाळ नको हो. मोजके शब्द टाका.”

वरून आलेल्या सूचनेचं तंतोतंत पालन करण्यात माझी हयात गेलेली. मोजके म्हणजे किती, हे तिनं सांगितलं नव्हतं. मी सगळे शब्द खोडले आणि एकच ठेवला, ‘पाली’.

पुढचा दीड तास फार माहितीपूर्ण गेला. पालीच्या बल्लाळेश्वराच्या दर्शनाच्या वेळा कळल्या. अष्टविनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा हा एकच गणपती, हेही कळलं. त्रिपिटक पाली भाषेत आहे. राजस्थानात पाली नावाचा जिल्हा आहे. वांद्र्याला पाली हिल आहे आणि तिथल्या जागांचे भाव माझ्या पेन्शनच्या भाषेत सांगता येत नाहीत. माझी पाल ट्यूबलाइटच्या मागून मान काढून हे सगळं माझ्याबरोबर वाचत होती.

“जे नको आहे त्याच्या आधी वजाचं चिन्ह द्या,” भाचीनं फोनवर सांगितलं. मी लिहिलं पाली, मग थोडी जागा, मग वजा, मग थोडी जागा, मग बल्लाळेश्वर. वजाबाकी सुटसुटीत लिहावी, असं आमच्या गुरुजींनी हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. गूगलचं शिक्षण वेगळ्या शाळेत झालंय. तिथे वजाचं चिन्ह नको असलेल्या शब्दाला अगदी चिकटून लागतं; मध्ये जागा सोडली, की ती वजाबाकी न राहता नुसती आडवी रेघ उरते. बल्लाळेश्वर पुन्हा पहिला आला. बायकोनं फोनलाच हात जोडले. “अहो, तुम्ही नको म्हणताय तरी तो येतोय. एकदा जाऊन या.”

आम्ही जाऊन आलो. दर्शन छान झालं. पाली होत्या तिथेच होत्या.

मधल्या काळात रात्री ताक प्यावं की नाही, यावरून घरात वाद झाला. मी लगेच ‘रात्री ताक पिण्याचे फायदे’ शोधलं आणि एकाखाली एक दहा पानं बायकोसमोर धरली. तिनं शांतपणे फोन हातात घेतला, ‘फायदे’ खोडलं, ‘तोटे’ लिहिलं आणि तेवढीच पानं माझ्यासमोर धरली. दोघंही जिंकलो आणि दोघंही उशिरा झोपलो. देवाला कौल लावायचा, पण फूल आपणच उजवीकडे पाडायचं, असला हा प्रकार. हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही, म्हणून पुढचं घडलं.

एका सोमवारी कपडे धुण्याचं मशीन मध्येच थांबलं. पोटात पाणी, पाण्यात दोन चादरी आणि माझे तीन सदरे, आणि दार उघडेना. छोट्या पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं चमकत होती: ओ आणि ई. किंवा शून्य आणि ई. माझा चष्मा त्या बाबतीत तटस्थ होता. शून्य घालून पाहिलं, काही हाती लागलं नाही. मग ओ घालून पाहिलं, तर जुन्या इंग्रजीबद्दल माहिती येऊ लागली. त्या भाषेच्या नावाचं लघुरूप तेच आहे, हे मला कसं माहीत असणार? एका पावसाळ्यात पाली आणि जुनी इंग्रजी अशा दोन प्राचीन भाषांशी माझा परिचय झाला. सदरे भिजतच होते.

शेवटी कंपनीच्या नावापुढे ‘कस्टमर केअर नंबर’ लिहून शोधलं. पहिल्याच ओळीत ठळक नंबर. वर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं. मला ती आदरार्थी उपाधी वाटली. पैसे मोजून वर आलेल्या मजकुराला तसं म्हणतात, हे नंतर समजलं. काही अर्ज असे वर येताना मी आयुष्यभर पाहिले होते, पण त्यांच्यावर तसं लिहायची पद्धत नव्हती.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. पहिल्या रिंगला उचलणारं कस्टमर केअर! इथेच मी सावध व्हायला हवं होतं, पण मी गहिवरलो. पलीकडचा गृहस्थ इतका नम्र, की मीच खुर्चीत सावरून बसलो. “सर, आप बिल्कुल टेन्शन मत लीजिए. एक छोटा सा ॲप डाल दीजिए, इंजिनियर को सब दिख जाएगा. बस दस रुपये का रजिस्ट्रेशन.” मी ॲप घेतलं. त्यात एक आकडा उमटला. तो त्याला वाचून दाखवायचा होता. मी घसा साफ केला आणि रेकॉर्ड रूमच्या आवाजात पहिले तीन अंक सांगितले.

तेवढ्यात ट्यूबलाइटच्या मागून आवाज आला. चुक् चुक् चुक्.

बायकोनं सवयीनं ओट्यावर बोटं टेकवली, “कृष्ण कृष्ण” म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. “कोणाशी बोलताय?”

“कंपनीशी. त्यांना मशीन बघायचंय.”

“मशीन तिकडे मोरीत आहे. त्यांना तुमचा फोन कशाला बघायचाय?”

“ते तांत्रिक असतं.”

उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करावा, तशा चपळाईनं तिनं फोन घेतला आणि बंद केला. त्यानंतर त्या गृहस्थाचे सात फोन आले आणि प्रत्येक फोनला त्याची नम्रता कमी होत गेली. ते ॲप माझ्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं होतं. दहा रुपये भरण्यासाठी मी जो पिन दाबला असता, तो त्याच्या डोळ्यांदेखत दाबला असता. मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. माझ्या मनात तशी पाल नसल्यामुळे ते काम स्वयंपाकघरातलीला करावं लागलं.

मी ॲप काढून टाकलं आणि बँकेतली शिल्लक तीनदा मोजली. पैसे गेले असते तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवायचं असतं, हेही मला कळलं. शोधून नव्हे, भाचीकडून. ती संध्याकाळी धावतच आली. मला वाटलं रागावेल. तिनं चहा घेतला आणि भलताच विषय काढला.

“मामा, तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये एखादी म्हातारी यायची, ती काय म्हणायची?”

“म्हणायची, ‘माझ्या दिरानं माझं नाव खाल्लं.’”

“मग तुम्ही ‘दिरानं नाव खाल्लं’ असा रुमाल शोधायचात?”

“छे! तसा रुमाल कसा असेल? ती वारस नोंद. गाव विचारायचं, गट नंबर विचारायचा, नवरा कुठल्या साली गेला ते विचारायचं, आणि त्या सालचं फेरफाराचं रजिस्टर काढायचं.”

“मग?” ती म्हणाली, आणि नुसती बघत राहिली.

तो ‘मग’ मला फार लागला. म्हातारीच्या तोंडचे शब्द वेगळे आणि रुमालावरचे वेगळे, हे एकतीस वर्षं मला ठाऊक होतं. म्हातारी व्हायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मात्र मी गूगलसमोर दिराचं गाऱ्हाणं सांगत बसलो होतो.

भाचीनं मग सगळं उलगडून सांगितलं. गूगल जगभरच्या पानांची आधीच सूची करून ठेवतं. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, कुठला शब्द कुठल्या पानावर. आपण विचारलं की ते जगात धावत सुटत नाही, आपल्याच सूचीत बघतं. आताशा ते आपल्या बोलण्याचा अर्थ लावतं, जवळचे शब्दही चालवून घेतं, वर स्वतःच्या शब्दांत उत्तरही देतं. पण ते कुठल्या पानावरून उचललंय, हे उघडून बघणं आपल्याकडेच राहतं. म्हणून शोधताना उत्तर लिहिणाऱ्यानं कुठले शब्द वापरले असतील, याचा विचार करायचा.

“आणि कुठलं पान वर ठेवायचं, ते कोण ठरवतं?” मी विचारलं. हा माझ्या खात्याचा प्रश्न होता.

“ज्या पानाकडे दुसरी वजनदार पानं बोट दाखवतात, ते वजनदार. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना हे गणित मांडलं. १९९६ मध्ये त्यांच्या यंत्राचं नाव होतं ‘बॅकरब’.” म्हणजे पाठ चोळणं. गूगल हे नाव नंतरचं, एकावर शंभर शून्यं या संख्येला ‘गूगोल’ म्हणतात, त्यावरून घेतलेलं. एकमेकांची पाठ चोळून वर जाण्याची पद्धत मला चांगली परिचयाची होती. तिच्यामागे गणित असतं, हे नवीन होतं. आता वर ठेवताना इतर पुष्कळ गोष्टी बघतात म्हणे, आणि जाहिरातीवाले तर या रांगेत उभेच राहत नाहीत.

मग प्रात्यक्षिक झालं. मशीनचं मॉडेल कुठलं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, “पांढरं.” तिनं मला बॅटरी देऊन मोरीत आडवं पाडलं. दाराच्या काठाशी एक चिकटपट्टी होती, तिच्यावरचे अकरा अंक-अक्षरं मी लष्करी निरोपासारखी एकेक ओरडून सांगितली. तिनं ती अवतरणचिन्हांत घालायला लावली, म्हणजे गूगल त्यांत आपली अक्कल न लावता जशीच्या तशी शोधतं. पुढे ती दोन अक्षरं. शून्य नाही, ओ. आणि छापील पुस्तिका हवी, म्हणून शेवटी इंग्रजीत ‘फाइलटाइप’, अपूर्णविराम आणि लगेच ‘पीडीएफ’.

मी लिहिलं. काहीच्या काही आलं.

“मामा, अपूर्णविराम द्यायला सांगितला होता.”

“दिला की! ही काय दोन टिंबं.”

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. माझ्या दोन टिंबांशेजारी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटलं होतं. “हा विसर्ग आहे. ‘दुःख’मधला. मराठी कळफलकावरून दिलात. त्याला टेकायला अक्षर मिळालं नाही, म्हणून तो वर्तुळ घेऊन बसलाय.”

“दिसतात तर जुळ्या भावांसारखे.”

“तुम्हाला. यंत्राला नाही.”

दुःख दूर केल्यावर दुसऱ्याच ओळीत आमच्या मशीनची पुस्तिका आली. ‘ओ ई’ म्हणजे पाणी निचरत नाही. खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा, बारक्या नळीनं पाणी काढा, मग फिल्टर फिरवून बाहेर घ्या. घेतला. आत निघाल्या बायकोच्या दोन पिना, दोन रुपयांचं एक नाणं आणि कागदाचा घट्ट लगदा. तो उजेडात धरून सोडवला. पेन्शनसाठी मी दिलेल्या हयातीच्या दाखल्याची पोच होती, सदऱ्याच्या खिशात राहिलेली. म्हणजे मी जिवंत असल्याच्या पुराव्यानंच मशीनचा जीव गुदमरला होता.

“पण एवढं फोनवर कशाला शोधलंत?” बायको म्हणाली. “मशीनबरोबर जाड पुस्तक आलं होतं. तुम्हीच लावून ठेवलं होतंत ना?”

माझं स्वतःचं एक कपाट आहे. त्यात रुमाल आहेत. रुमालांना चिठ्ठ्या आहेत. वीज, पाणी, घरपट्टी, विमा. यांपैकी कशातही पुस्तिका नव्हती. ती निघाली सगळ्यांत खालच्या, सगळ्यांत जाड रुमालात, खरेदीच्या बिलासकट. बिलावर कंपनीचा खरा नंबर छापलेला होता. रुमालावरच्या चिठ्ठीत माझ्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता: ‘संकीर्ण’.

भाची ती चिठ्ठी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा.” पुढचं ती बोलली नाही. बायकोनं मात्र ‘संकीर्ण’ हा शब्द दोनदा मोठ्यानं वाचला.

परवा पुन्हा पाल फळीवरून तुरुतुरु गेली, तेव्हा बायकोनं जुना विषय काढला. आता मला विद्या अवगत होती. ‘घरातील पाल घालवण्याचे उपाय’. मोजके शब्द, लिहिणाऱ्याच्या तोंडचे, आणि बल्लाळेश्वराला तोशीस नाही. अर्धं टाइप केलं आणि वर बघितलं. ती ट्यूबलाइटमागून मान काढून बसली होती. त्या सोमवारी मी, माझी एकतीस वर्षांची नोकरी आणि माझा फोन असे तिघं एका बाजूला होतो आणि ऐन वेळी चुकचुकली ती एकटी.

मी फोन खाली ठेवला. तिच्या मुक्कामाला बेमुदत वाढ दिली आहे. आदेशाची प्रत ‘संकीर्ण’मध्ये लावली आहे.