नव्वद टक्के झालंय

अप्पांच्या अंगणात शिरताना जाणकार माणूस मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालतो. तेवढ्यात आतून आरोळी येते, "खिशात नगं! भाईर कट्ट्यावर ठिवा!"

मी जाणकार नव्हतो. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं चावीचं घड्याळ तसंच घालून आत गेलो. तेव्हापासून ते रोज वीसेक मिनिटं पुढं पळतं. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बरंच झालं की, सर. शाळंत येळंवर जाताल."

रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देणाऱ्या प्रत्येक गावात असा एक अप्पा असतोच. आधी त्याचं मोटरी भरायचं दुकान असतं. दुसऱ्यांच्या जळालेल्या मोटरी भरता भरता एके रात्री, पाण्यात उभं असताना, त्याच्या डोक्यात येतं की आपली लाईट आपणच काढावी. मग गाव त्याला 'सायंटिस्ट' म्हणायला लागतं. आमच्या तलवाड्यात त्वरितादेवीच्या डोंगरावरून येणारं वारं फुकट चाललंय, हे अप्पांना सहन होईना. देवीचं नाव त्वरिता. अप्पांची पवनचक्की मात्र चौथ्या वर्षीही नव्वद टक्केच झालीय.

सुरुवात लग्नातल्या फुटक्या कर्ण्यांच्या काळ्या चुंबकांनी झाली. त्यात दम निघेना. मग कुरिअरनं निओडायमियमचे चोवीस तुकडे आले, प्रत्येक बिस्किटाएवढा, चांदीसारखा चकचकीत. मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून माहिती पुरवली: निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन, 1980च्या दशकात जपानच्या मासातो सागावांनी हे चुंबक घडवलं आणि त्याच सुमारास अमेरिकेतही ते स्वतंत्रपणे तयार झालं. अप्पा म्हणाले, "जपान्याचं डोकं बगा," आणि कौतुकानं दोन्ही हातांत एकेक तुकडा घेतला. वीतभर अंतर होतं. टाप्प! अंगठ्याजवळची कातडी मधे सापडली, आणि एका तुकड्याचा कोपरा काचेच्या बांगडीसारखा उडाला.

उरलेले तुकडे त्यांनी सुरक्षित राहावेत म्हणून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. ट्रंकेनं ते परत द्यायला आठवडा घेतला. तेव्हा कळलं, ओढून निघत नाही, कडेकडेनं सरकवावं लागतं. ग्राइंडरचा कीस चिकटून चुंबकांना दाढ्या फुटल्या, त्या पुसून निघेनात. काकूंनी कणकेचा गोळा दाबून उचलला, दाढी साफ. या प्रकल्पातला हा एकमेव शोध पहिल्या फटक्यात यशस्वी झाला, पण सायंटिस्ट त्यांना कुणी म्हणत नाही. पुढं शेजारणीचं चांदीचं पैंजण उडून चुंबकाला बिलगलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे मी नको त्या वेळी बोललो. त्या दिवशी दोन घरांत चूल पेटली नाही.

खरी गंमत प्लेटी जोडताना. लोखंडाच्या दोन गोल प्लेटी, प्रत्येकीवर बारा चुंबक, उत्तर-दक्षिण आलटून पालटून. मधे तांब्याच्या नऊ गुंडाळ्यांची रेझिनमध्ये ओतलेली चकती. वरची प्लेट हातानं ठेवायची नसते. आटे पाडलेल्या तीन दांड्यांवर, एकेका नटाला पाव पाव फेरा देत उतरवायची असते. "कामून, ते बगा," म्हणून अप्पांनी मधली चकती बाजूला काढली, तिथं एक वाळूक ठेवलं आणि दांड्यांशिवाय प्लेट सोडली. वाळकाच्या बिया माझ्या चष्म्यावर आल्या. "बोट आसतं तर?" सगळे गप्प. आता प्लेटी सुटेनात. कुणीतरी पहार आणली. पहारच प्लेटीला चिकटली. शेवटी बाभळीच्या पाचरी ठोकता ठोकता दिवस मावळला.

मधे एक वर्ष वेगळंच वारं शिरलं होतं. "सर, मोटर जनरेटरला फिरवंल, जनरेटर मोटरला लाईट दील. मंग वारं कशाला लागतंय?" मी 1831 सालच्या फॅरेडेपासून सुरुवात केली, पण अप्पा माझं कुठं ऐकतायत! एक दिवस त्यांनीच चक्राला जोरात गरका दिला आणि गुंडाळीच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या. कुणी हातानं धरावं तसं चक्र जागीच अडखळलं. तारा सोडल्या, पुन्हा हलकं. दहा वेळा केलं. मग बराच वेळ बिडी ओढत बसले. म्हणाले, "जेवढं काढावं तेवढं जड हुतंय. म्हंजी हे हिसाब ठिवतंय, सर." इतका नेमका धडा माझ्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

परवा वीज निघाली. नातवानं हातानं चक्र फिरवलं आणि बारा व्होल्टचा दिवा लागला. पोरगं दमलं, दिवा विझला. खांबासाठी आणलेल्या पाइपावर सध्या काकूंची लुगडी वाळतायत.

तुम्ही तलवाड्याला आलात तर बघायला जरूर या. घड्याळ कट्ट्यावर ठेवा, लेकरू सोबत असेल तर कडेवरून खाली उतरवू नका, आणि छातीत पेसमेकर असेल तर रस्त्यावरूनच रामराम घाला. काकू चहा तिथंच आणून देतील.