सातबारा चालला अमेरिकेला

अमरावतीच्या कॅम्पात आणि अकोल्याच्या जठारपेठेत लग्नाच्या पंगतीत आता गाडी कोणती घेतली, हे कोणी विचारत नाही. ‘तुमचं कुठलं चाललंय?’ असं विचारतात. दुबईत वीस लाख दिरहमचं घर घेतलं की दहा वर्षांचा व्हिसा मिळतो. ग्रीसने अशाच व्हिसाचा अथेन्समधला भाव आठ लाख युरोवर नेला. स्पेनने तर एप्रिल २०२५ मध्ये दुकानच बंद केलं, त्यांच्याच पोरांना घरं परवडेनात म्हणून. तेव्हा आमच्या भाऊसाहेबांनी (ही एक व्यक्ती नव्हे, तालुक्याला दोन-तीन सापडतात) थेट अमेरिका धरली.

तिथल्या ‘ईबी-५’ या ग्रीन कार्ड देणाऱ्या गुंतवणूकदार-व्हिसाचा हिशोब सरळ आहे. खेड्यात किंवा बेरोजगारीच्या भागात आठ लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या घरात रक्कम गुंतवायची आणि दहा माणसांना पूर्ण वेळ काम द्यायचं. खेडं निवडलं तर वीस टक्के व्हिसा राखीव! आरक्षणाचं नाव काढताच ज्यांचं तोंड कडू व्हायचं, ते भाऊसाहेब आता कोट्याचे नियम तोंडपाठ म्हणतात. गावची जिनिंग ‘मजूर भेटत नाई’ म्हणून त्यांनी कधीच बंद केली. आता अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यात दहा जणांच्या चुली ते पेटवणार आहेत.

रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर जाऊ देते. त्यावरही तोड निघाली. मार्चअखेर नवरा-बायको, एप्रिल लागताच पुन्हा नवरा-बायको. झाले दहा लाख.

गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. पैसा कुठून आला, हे अमेरिकेला कागदोपत्री दाखवावं लागतं. भाऊसाहेबांचं जन्मभराचं उत्तर एकच: शेती. ही शेती खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, शेजारच्या वावरात कपाशीचा लागवडखर्च निघत नाही. पण भाऊसाहेबांच्या विवरणपत्रात तेच वावर दुष्काळातही लाखांनी पिकतं, कारण शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला जे वाण साधलं नाही, ते त्यांच्या सीएने एका बैठकीत काढलं. आता सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर झालंय आणि तिकडचा वकील विचारतो, एकरी किती क्विंटल?

‘‘आपल्या इन्कमटॅक्सवाल्यानं आजवर पुसलं नाई, अन् ह्या गोऱ्याले कायले पायजे हिसाब?’’ भाऊसाहेब कातावले.

त्यांना पुढचं अजून कोणी सांगितलेलं नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिका कर लावते. त्यात खारपाणपट्टाही आला. पुढेमागे तिकडचं नागरिकत्व घेतलं तर इथलं आपोआप जातं, आणि हाती ओसीआय कार्ड असलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारशाने आलेली तेवढी राहते. म्हणजे ज्या मातीने कागदावर सोनं पिकवलं, तिचा आणखी एक एकरही मिळायचा नाही.

इच्छुकांनी एवढं ध्यानात ठेवावं: दहा नोकऱ्यांचा पुरावा अमेरिकेतल्याच नोकऱ्यांचा लागतो, दर्यापूर-तेल्हाऱ्यात दिलेल्या चालत नाहीत. या अटीबद्दल मात्र आपल्याकडून अजून एकाचीही तक्रार ऐकली नाही.