मानार्थ आप्पा

आमच्या आप्पांनी एकदा सलग अकरा दिवस उजव्या हाताला दुधाची पिशवी बांधून आंघोळ केली. हात मोडला नव्हता की भाजला नव्हता. मनगटावर एका संगीत पुरस्कार सोहळ्याचा सोनेरी पट्टा होता आणि त्यावरची अक्षरं पुसली जाऊ द्यायची नव्हती. हे पट्टे दिसतात कागदाचे, पण ओढून तुटत नाहीत, कात्रीच लावावी लागते. एकाचा पट्टा काढून दुसऱ्याने आत शिरू नये म्हणून आयोजकांनी केलेली ती तजवीज. आप्पांची समजूत मात्र अशी, की पाहुण्यांना आठवण राहावी म्हणून एवढं टिकाऊ सामान वापरतात.

त्या अकरा दिवसांत आप्पा पेन्शनच्या कामाला ठाण्याला गेले ते बसायला जागा असूनही उभ्याने गेले. वरची कडी धरल्याशिवाय बाही खाली सरकत नाही ना! भाजीवालीला पैसे उजव्या हाताने, देवाला नमस्कार उजव्या हाताने, सोसायटीच्या सभेत मत नसलेल्या ठरावालाही उजवा हात वर. आठव्या दिवशी तळमजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तो पट्टा पाहिला आणि अगदी कळवळून विचारलं, "आप्पा, डिस्चार्ज कधी मिळाला?"

तरी तीन दिवस त्यांनी पट्टा ठेवलाच.

आप्पा म्हणजे काही आमच्या डोंबिवलीची मक्तेदारी नाही. ही जमात सगळीकडे आढळते. नाटकाला हे दुसऱ्या रांगेत असतात, क्रिकेटला पॅव्हेलियनमध्ये असतात, प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला फीत कापणाऱ्याच्या खांद्यामागे असतात, आणि यांच्या खिशातून आजवर तिकिटाचा एक रुपया गेलेला नसतो. यांना फुकटे म्हणणं मात्र अन्याय होईल. पास मिळवण्यासाठी आप्पा जेवढे फोन करतात, जेवढ्या चकरा मारतात आणि जेवढे चहा पाजतात, त्या पैशात मधल्या रांगेची दोन तिकिटं आरामात येतील. मी एकदा तसं सुचवून पाहिलं. आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी वरातीत घोडा भाड्याचा आहे का असं विचारलं.

"तिकीट काढून कोणीही जातं रे," ते म्हणाले. "तिकिटाला पैसे लागतात. पासाला माणूस लागतो."

आप्पांचा माणूस म्हणजे जनरेटरवाला. अशा सोहळ्यांना दिव्यांसाठी, पडद्यांसाठी वीज लागते ती मैदानाबाहेर उभ्या केलेल्या जनरेटरच्या गाड्यांतून येते. आप्पा वीज खात्यात होते तेव्हापासूनची ओळख. हा गृहस्थ रात्रभर डिझेलच्या वासात उभा असतो, आत एक पाऊलही टाकत नाही, म्हणून त्याच्या वाट्याचा पास आप्पांना मिळतो. आमच्या जिन्यात मात्र त्याचा उल्लेख 'आयोजकांपैकीच एक' असा होतो. तेही खोटं नाही म्हणा. त्याने एक खटका ओढला तर सोहळा तिथल्या तिथे संपेल.

पास दोघांचा असतो. पहिल्या वर्षी काकू गेल्या होत्या. "पाच तास एसीत बसून गुडघे धरले, आणि गाणं एक धड ऐकू आलं नाही," एवढंच त्यांचं परीक्षण. तेव्हापासून दुसरी जागा रिकामी होती. गेल्या वर्षी ती मला मिळाली.

पासावर पोशाखाविषयी 'ब्लॅक टाय' असं छापलेलं होतं. हा इंग्रजी औपचारिक पोशाखाचा एक प्रकार असतो, हे मला ठाऊक होतं. आप्पांनी त्याचा सरळ अर्थ लावला. काळा कोट, पांढरा शर्ट आणि काळा टाय. डोंबिवलीहून दादरला उतरून आम्ही पश्चिम रेल्वेकडे जायला पुलावर चढलो, आणि समोरून येणारी चार पोरं आप्पांना पाहून जागच्या जागी वळली. एका बाईंनी न विचारता पास काढून दाखवला. दुसऱ्या एका काकांनी, "साहेब, घाईत फर्स्ट क्लासमध्ये चढलो, आता उतरलोच," असं स्वतःहून कबूल केलं. आप्पांनी त्यांना समज देऊन सोडून दिलं. गोरेगाव येईपर्यंत त्यांची छाती दोन इंच फुगलेली होती. सोहळा अजून सुरू व्हायचा होता.

पासाबरोबर गाडीच्या काचेला लावायचं एक स्टिकर आलं होतं. आप्पांकडे गाडी नाही. पण मिळालेली वस्तू वाया घालवणं त्यांच्या स्वभावात बसत नाही, म्हणून स्टुडिओच्या दारी रिक्षातून उतरल्यावर ते पायी येणाऱ्यांच्या रांगेत न जाता, स्टिकर छातीशी धरून मोटारींच्या फाटकातून चालू लागले.

"गाडी किधर है?" पहारेकऱ्याने विचारलं.

"आ रही है पीछे से."

त्याने सोडलं. मला वाटतं मागून खरंच एखादी गाडी येत असावी.

लाल गालिचा आम्ही पाहिला. कठड्याच्या पलीकडून पाहिला. नट-नट्या, गायक-गायिका त्यावरून जात होते, छायाचित्रकार त्यांना नावाने हाका मारून वळायला लावत होते. आम्हा पाहुण्यांसाठी वेगळी वाट होती, तिच्यावर हिरवा गालिचा होता आणि ती स्वच्छतागृहावरून जात होती. तिथे प्रायोजकांच्या नावांचा तसाच एक फलक उभा केलेला होता. त्याच्यापुढे पाहुण्यांनी एकमेकांचे फोटो काढायचे. आप्पांनी माझ्याकडून एकवीस काढून घेतले. एकविसाव्या फोटोत त्यांनी अदृश्य छायाचित्रकारांना हात हलवला आहे. मागे 'पुरुष' असा बाण आला आहे, तो कापायचं काम अजून माझ्याकडे आहे.

दारात झडती झाली. पाण्याची बाटली गेली, काडेपेटी गेली, काकूंनी दिलेला दशम्यांचा डबा गेला. "मला शुगर आहे," आप्पा म्हणाले. रक्षक म्हणाला, "आत सगळं मिळतं." आत काहीही मिळत नव्हतं. अमृतांजनाची छोटी बाटली तेवढी कोटाच्या आतल्या खिशात राहिली. तिने पुढे मोठी कामगिरी बजावली.

पासावरची वेळ संध्याकाळी 6 ची होती. सहाला रंगमंचावर एक सुतार होता. सातला दोन सुतार. मग कानाला यंत्र लावलेला एक पोरगा आला आणि म्हणाला, आधी आपण टाळ्या घेऊन टाकू. मला वाटलं विनोद आहे. पण हीच पद्धत असते. टीव्हीवर दाखवायच्या सोहळ्यात टाळ्या, हसणं, थक्क होणं हे सगळं आधीच भरून ठेवतात, म्हणजे संकलनाच्या वेळी हवं तिथे लावता येतं. तो हात वर करी, आम्ही रिकाम्या मंचाला टाळ्या वाजवायचो. मग "आता उभं राहून". मग "आता खळखळून हसा". मग "आता भारावून जा, आवाज नको". डोक्यावरून कॅमेऱ्याचा लांब दांडा क्रेनसारखा फिरत होता. आप्पांनी या परीक्षेत मनापासून भाग घेतला. त्या सुतारासाठी त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सुताराने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा खिळा ठोकला.

आमच्या शेजारी एक चमचमत्या पोशाखातली मुलगी बसली होती. बराच वेळ आप्पांचा उत्साह पाहून तिने आपुलकीने विचारलं, "अंकल, तुम्हाला किती देतात?"

"काय किती?"

"बसायचे."

तिला बसायचे पैसे मिळत होते! तिच्यासारख्या तिथे बऱ्याच होत्या. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून एक माणूस त्यांना गाडीत घालून आणतो, रात्री जेवण देतो आणि रोख पैसे देतो. आप्पांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. तिकिटवाला खाली, पासवाला वर, अशी जी उतरंड त्यांनी आयुष्यभर जपली होती, तिच्या डोक्यावर ही पोरगी पाय लटकवून बसली होती. पण जुना माणूस. त्यांनी टाय नीट केला आणि म्हणाले, "आम्ही मानार्थ."

"म्हणजे उशिरा देतात का?" तिने विचारलं.

पुढचा तासभर रंगमंचावर काही घडेना, तेव्हा आप्पांनी तिचं ज्ञान वाढवायला घेतलं. मला कबूल केलं पाहिजे, की गाण्यातलं आप्पांना कळतं. सोहळ्यांना जाऊन ते कळलेलं नाही, रेडिओ ऐकून कळलंय. 1954 साली फिल्मफेअरचा पहिला समारंभ मेट्रो थिएटरात झाला, तेव्हा उणीपुरी पाच बक्षिसं होती. त्यातलं संगीताचं 'बैजू बावरा'साठी नौशादना. "पाच बक्षिसं! लोक वेळेवर घरी जाऊन जेवले असतील," आप्पा म्हणाले आणि पोटावरून हात फिरवला. पण गाणाऱ्यांना आणि गाणी लिहिणाऱ्यांना त्या पाचांत जागाच नव्हती. 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना बक्षीस जाहीर झालं आणि समारंभात त्यातलं गाणं गायला लताबाईंना बोलावलं, तेव्हा त्या नाही म्हणाल्या. गाणाऱ्याला तुमच्याकडे बक्षीस नाही, तर मग गाणं वाद्यांवरच वाजवा. शेवटी 1959 पासून पार्श्वगायनाचं बक्षीस सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, 'मधुमती'तल्या गाण्याला. गीतकारांचंही त्याच वर्षी सुरू झालं, ते शैलेंद्रना.

"म्हणजे बोलावलं असून गेल्या नाहीत?" मुलगी खरोखरच थक्क झाली. संध्याकाळपासून तिने केलेला हा पहिला बिनपैशाचा अभिनय. म्हणजे अभिनय नव्हताच तो.

आप्पा जरा गप्प झाले. बोलावलं असून न जाणारा माणूस ही कल्पना त्यांनाही बहुधा आजच प्रथम जवळून दिसली.

साडेआठला धावपळ उडाली. पुढच्या रांगांतले दोन तारे नाचाची तयारी करायला आत गेले आणि खुर्च्या ओस पडल्या. यंत्रवाला पोरगा धावत आला, बोट नाचवत "तुम्ही, आणि ते टायवाले अंकल" म्हणाला, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आप्पा तिसऱ्या रांगेत होते. त्या खुर्चीच्या पाठीवर एका नामवंत नटाच्या नावाची चिठ्ठी होती. ती आता आप्पांच्या घरी जेवणाच्या खुर्चीला चिकटवलेली आहे. पाहुणा आला तर त्याला तिथे बसू देत नाहीत.

मग सोहळा एकदाचा सुरू झाला. त्याविषयी सांगण्यासारखं थोडंच आहे. पुरस्कार संगीताचे होते आणि मंचावर बहुतेक वेळ नाच होते. गाणारे गात होते तेव्हा गाणं आधीच ध्वनिमुद्रित होतं, त्यामुळे एकाने माईक तोंडापासून दूर नेला तरी आवाज जागचा हलला नाही. एक पुरस्कार दोनदा दिला, कारण पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर कोणीतरी आलं. विजेत्याला दुसऱ्यांदाही तेवढंच आश्चर्य वाटलं.

साडेअकराच्या सुमारास, पोटात दशमी नाही आणि ध्वनिवर्धकाचा कर्णा दहा हातांवर, आप्पांचं डोकं ठणकायला लागलं. मी मागच्या रांगेतून पाहत होतो. त्यांनी अमृतांजन काढलं, कपाळाला सढळ हाताने चोपडलं, आणि मग मंचावरचा धूर डोळ्यांत गेला म्हणून त्याच बोटांनी डोळे चोळले. मंचावर त्या वेळी पिसं लावलेली चोवीस माणसं उड्या मारत होती. आप्पांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वरून कॅमेऱ्याचा दांडा हळूहळू त्यांच्यावर उतरला, क्षणभर थांबला आणि पुन्हा वर गेला.

जेवण रात्री दीडला मिळालं, तेही त्या मुलीने आपल्या माणसाला सांगून तिच्या गाडीतली दोन पाकिटं आम्हाला दिली म्हणून. पुलाव होता. आप्पांनी तो स्टुडिओच्या बाहेर, जनरेटरच्या गाडीला टेकून, उभ्याने खाल्ला. पहिली लोकल येईपर्यंत आम्ही गोरेगावच्या फलाटावर बसलो. एक भिकारी आप्पांच्या काळ्या कोटाकडे पाहून बाक सोडून निघून गेला.

सोहळा तीन आठवड्यांनी टीव्हीवर आला. आप्पांच्या बाहेरच्या खोलीत अर्धी इमारत जमली होती. चहा, चिवडा, लहान मुलं पुढे. मी एकदा दिसलो, एका पुरस्काराला मनसोक्त टाळ्या वाजवताना. तो पुरस्कार दिला गेला तेव्हा मी हिरव्या गालिच्यावर रांगेत उभा होतो. आणि मग दिवंगत गायकांना आदरांजलीचा भाग लागला. जुने फोटो, संथ बासरी, आणि एकदम पडदाभर आप्पा. कपाळ चकाकतंय, ओठ थरथरताहेत, डाव्या डोळ्यातून एक थेंब गालावर. पूर्ण तीन सेकंद.

खोलीत कोणी बोलेना. तळमजल्यावरच्या ज्या मुलाने डिस्चार्जबद्दल विचारलं होतं, तोही गप्प. कोणीतरी नाक ओढलं.

"गाणंच तसं होतं," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले.

तेव्हापासून ही हकिकत मी बारा-पंधरा वेळा ऐकली आहे. दुसऱ्या वेळी त्यात शेजारच्या बाईही रडल्या. पाचव्या वेळी एका संगीतकाराने वळून आप्पांना नमस्कार केला. पिसंवाले मला अजून आठवतात, पण साक्षीला माझ्याकडे पाहून आप्पा "काय रे, होतास ना तू?" म्हणतात, तेव्हा मीही मान डोलावतो. पुलाव खाल्लाय मी त्यांच्या जिवावर.

गेल्या आठवड्यात पुन्हा पास आला, वरळीचा. मी वर गेलो तेव्हा आप्पा आरशासमोर टाय बांधत होते आणि काकू त्यांच्या कोटाचे खिसे भरत होत्या. पाकीट, चष्मा, गाडीचं स्टिकर. मग त्यांनी कपाटातून इस्त्रीचा रुमाल काढला. गेल्या सोहळ्याच्या दिवशीचा रुमाल काकूंनीच धुतला होता, वास त्यांच्या नाकाने ओळखला नसेल असं होणं शक्य नाही. त्यांनी रुमालाची घडी उलगडली, आत अमृतांजनाची नवी बाटली ठेवली, पुन्हा घडी केली आणि आतल्या खिशात सरकवली.

"अहो, उशीर होतोय," त्या म्हणाल्या.